मलबा, कबाड आणि भांडेवाडी

नागपूर नगरपालिका १८६४ साली अस्तित्वात आली, तेव्हा शहराच्या कचऱ्यात कायमचे फेकून द्यावे असे फारसे काही नसे. चुलीतली राख, गोठ्यातले शेण, पत्रावळी आणि द्रोण, अंगणाचा केर, फुटक्या मडक्यांची खापरे आणि पावसाळ्यात ढासळलेल्या मातीच्या भिंती, एवढाच तो ऐवज होता. राख भांडी घासायला जाई, शेणाच्या गोवऱ्या थापल्या जात आणि ढासळलेली माती भिजवून, तुडवून पुन्हा भिंतीलाच लागे. उरलेला केर आणि शौचकुपांतला मैला बैलगाड्यांनी वस्तीबाहेर नेत. तिथे खड्ड्यांत थरावर थर घातला की काही महिन्यांत सोनखत तयार होई आणि ते शेतकरी विकत घेत. ही जुनी रीत पुढे शास्त्राच्या कसोटीलाही उतरली. इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात आणि त्यानंतर काही वर्षांनी बंगळूरला सी. एन. आचार्य यांनी कंपोस्टच्या ज्या पद्धती बसवल्या, त्यांचे मूळ अशाच खड्ड्यांत आहे. या साऱ्या व्यवहाराचा भार जातीने बांधलेल्या सफाई कामगारांवर होता. खताला गिऱ्हाईक मिळे. ते तयार करणाऱ्या माणसाला सार्वजनिक विहिरीवर पाणी मिळत नसे.

नको ते हद्दीबाहेर नेऊन टाकण्याची कल्पना शहराच्या अंगवळणी पडलेली होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतींच्या पुतळ्यांपैकी काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी मारबत १८८५ पासून शहराची रोगराई आणि संकटे मिरवत बाहेर नेते, अशी श्रद्धा आहे. नगरपालिकेच्या कचरागाडीचाही तर्क काही वेगळा नव्हता: वेस ओलांडली की पीडा संपली. १९०१ च्या जनगणनेत शहराची वस्ती १,२७,७३४ होती. तेवढ्या गावाला हा तर्क पुरला, कारण वेस जवळ होती आणि वेशीपलीकडे खत घ्यायला शेत उभे होते.

बांधकामाच्या टाकाऊ सामानाचा इतिहास याहून बोलका आहे. महाल, इतवारी, शुक्रवारी या भोसलेकालीन भागांतले वाडे सागवानी तुळया आणि खांब, भाजलेल्या विटा, चुना आणि कवेलू यांचे होते. बैल जुंपलेल्या चुन्याच्या घाणीत वाळू आणि सुरखी मिसळून चुना मळला जाई. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांचा चुरा. चुन्यात ती मिसळली की पाण्यातही घट्ट बसणारा माल तयार होई, त्यामुळे फुटक्या विटेला स्वतःची किंमत होती. त्याहून मोठे रोडे पायाच्या भरणीत जात किंवा गच्चीवरच्या कोब्यात. चुन्याचा सांधा विटेपेक्षा मऊ असतो. भिंत पाडताना तो आधी सुटतो, वीट अखंड हाती येते आणि बायामाणसे बसून ती तासून स्वच्छ करतात. म्हणून पाडलेल्या वाड्याच्या विटा दुसऱ्या घराला लागत. नव्या विटेपेक्षा जुनी वीट चांगली भाजलेली असते, असे गवंडी आजही सांगतात, आणि जुन्या भट्ट्यांच्या बाबतीत ते बहुधा खरेही असावे.

लाकडाचा प्रवास तर पिढ्यान्‌पिढ्या चाले. चांदा आणि आलापल्लीच्या जंगलांतले सागवान शहरात आले की शंभर-सव्वाशे वर्षे एका घराची तुळई म्हणून राही. घर पडले की तीच तुळई लहान घराला लागे; टोके कुजली असतील तर ती कापून दाराची चौकट होई; चौकटीतून उरले त्याचे पाट, बाजेचे खूर, आणि शेवटी सरपण. लकडगंज हा शहराचा लाकडाचा बाजार. तिथे नव्या लाकडाशेजारी जुन्या दाराखिडक्यांचा धंदाही वाढला. पाडकामाचे ठेके घेणारे लोक वाड्यात फिरून तुळया मोजत, विटांचा अंदाज घेत आणि वाडा पाडून नेण्यासाठी मालकालाच पैसे देत. पाडकाम हा मालकाचा खर्च नव्हता, मिळकत होती. ही एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढच्या शंभर वर्षांत काय बदलले ते नीट कळते.

बदलले ते सिमेंटने. देशात पोर्टलँड सिमेंटचे व्यापारी उत्पादन पहिल्या महायुद्धाच्या सुमारास पोरबंदरला सुरू झाले, पण सामान्य घरात ते पोचायला अनेक दशके लागली. स्वातंत्र्यानंतर सिमेंटवर नियंत्रण होते आणि ते परमिटवर मिळे. १९८२ मध्ये नियंत्रण अंशतः उठले, १९८९ मध्ये पूर्ण उठले, आणि फ्लॅट स्कीमचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले. सिमेंटचा सांधा विटेपेक्षा कठीण असतो. भिंत पाडली की विटाच फुटतात आणि हाती येते ते दोन्हींचे एकजीव ढेकूळ. सळईच्या स्लॅबचे त्याहून वाईट. घणाने फोडून सळई काढता येते आणि ती वजनावर विकतातही, पण उरलेल्या काँक्रीटला कोणी विचारत नाही. त्यात नंतर टाइल्स, प्लास्टर ऑफ पॅरिसची छते, पीव्हीसीचे पाइप, प्लायवूड आणि सनमायका मिसळले. पाडकामाचा ठेकेदार मालकाला दरवेळी पैसे देण्याऐवजी सळईचा हिशेब धरून कधी पैसे देऊ लागला, कधी मागू लागला. न्हाणीघराची फरशी बदलण्यासारख्या लहान कामात तर सळईही नसते. तिथे मलबा उचलायचे पैसे मालकालाच मोजावे लागतात.

तरी बरीच वर्षे नागपुरात मलब्याला एक जागा मिळत राहिली, ती जमिनीच्या पोटात. शहराच्या मोठ्या भागाखाली काळी माती आहे. पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिच्यावर थेट पाया घालता येत नाही. माती काढून मुरूम किंवा दुसरे भरण घालावे लागते. नागपूर सुधार प्रन्यासचा कायदा १९३६ चा. प्रन्यासने आखलेल्या आणि त्याहून अधिक म्हणजे न आखता आपोआप वाढलेल्या ले-आउटांमध्ये सखल प्लॉट भरून घेण्यासाठी मलबा मागून नेत. रिकाम्या प्लॉटवर मलबा हवा असल्याची पाटी लावलेली असे. हा व्यवहार सोयीचा होता, पण त्याची झळ पाण्याला बसली. लेंडी तलाव, नाईक तलाव, पांढराबोडीचा तलाव यांचे काठ अतिक्रमण आणि भराव यांखाली आकसत गेले. नाग नदी आणि पिवळी नदी यांच्या काठांवरही मलब्याची रास पडत राहिली, कारण रात्रीच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला नदीकाठाइतकी जवळची आणि फुकटची जागा दुसरी नव्हती.

घरातल्या सामानाची वाट मात्र कबाड्याच्या ठेल्यावरून जाई. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण, रद्दी आणि बाटल्या घेणारा फेरीवाला, मोहल्ल्यातला कबाडी, त्याच्याकडून माल घेणारा ठोक व्यापारी आणि शेवटी भट्टी किंवा गिरणी, अशी ती साखळी. लोखंडाला हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आणि नागपूर-रायपूर पट्ट्यातल्या भट्ट्या व रोलिंग मिल होत्या. इतवारीतली लोहाओळ नव्या लोखंडाची, पण तिथल्या भावावर कबाड्याचा भाव हले. तांबे, पितळ, जर्मनची भांडी यांना घरातच मोल होते. ती कबाडात जाण्याआधी मोडीत घालून नवी घेतली जात.

नागपूरच्या कबाडाचे एक खास अंग म्हणजे कूलर. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जाणाऱ्या या शहरात ब्रिटिश काळात दारांना खसाच्या ताट्या लावून त्यांवर पाणी मारत. त्यांची जागा पुढे पत्र्याच्या कूलरने घेतली. हा कूलर चार-सहा उन्हाळे टिकतो. पाण्याने तळ गंजतो, पण पंप, मोटर आणि पंखा निघतो, पत्रा वजनावर जातो आणि मोटारीतले तांबे वेगळे काढले जाते. कबाड्याच्या दृष्टीने कूलर हा जवळजवळ पूर्ण उपयोगाचा माल. उरते ते फक्त वूडवुल, लाकडाच्या तासणीचे ते पिवळे गवत. दर मार्च-एप्रिलमध्ये घरोघरी नवी वूडवुल भरली जाते आणि क्षारांनी ताठरलेली जुनी वूडवुल रस्त्याच्या कडेला पडते. तिला भाव नाही. ती पेटते मात्र लवकर, आणि उन्हाळ्यात कचऱ्याच्या ढिगाला लागणाऱ्या आगींना असा कोरडा माल पुरेसा असतो.

कबाड्याच्या हिशेबात एक निर्दय नेमकेपणा आहे. चित्रनळीचे जुने टीव्ही घरोघरी मोडीत निघाले तेव्हा तो चांगला उघडा पडला. नळीच्या मानेवरची तांब्याची गुंडाळी आणि आतला सर्किट बोर्ड यांना भाव होता. शिसे मिसळलेल्या जाड काचेला नव्हता. गुंडाळी काढली, काच फोडली आणि नाल्यात टाकली, इतका तो व्यवहार सोपा होता. सीताबर्डीच्या गल्ल्यांतले दुरुस्तीवाले जोवर रेडिओ-टीव्हीचे भाग एकमेकांत बदलून चालवत होते, तोवर ही वेळ लांबणीवर पडे. दुरुस्तीचा खर्च नव्या वस्तूच्या किमतीजवळ गेला, तशी ती सोय संपली. ज्याला भाव त्याची काळजी बाजाराने घेतली आणि ज्याला भाव नाही ते शहराच्या अंगावर पडले, असा हा साधा नियम आहे. कचरा पुरण्याच्या खड्ड्यात टाकायला बंदी घालणारे पुढचे बहुतेक कायदे या दुसऱ्या गटासाठी करावे लागले.

नागपूरची नगरपालिका १९५१ साली महानगरपालिका झाली. पूर्वेला भांडेवाडीच्या जागेवर १९६० च्या दशकापासून शहराचा कचरा पडू लागला. तेव्हा ती जागा वस्तीपासून लांब होती. याच काळात नागपुरात कचऱ्याचा अभ्यास करणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली, हा योगायोग मोलाचा आहे. १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था म्हणून ती सुरू झाली आणि १९७४ मध्ये तिचे नाव नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, असे झाले. देशातल्या शहरांचा कचरा वजन करून, निवडून, त्यात काय किती आहे हे सांगण्याची पद्धत नीरीने १९७० च्या दशकापासून घालून दिली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी नीरीने २००४-०५ मध्ये केलेल्या पाहणीत नागपूरचा कचरा रोज ५०४ टन निघाला. त्यात कुजणारा भाग सुमारे ४७ टक्के आणि विकण्याजोगा भाग १५ ते १६ टक्के होता. उरलेला एक तृतीयांशाहून अधिक भाग मुख्यतः माती, राख, रोडे अशा निर्जीव वस्तूंचा. म्हणजे भांडेवाडीत जे डोंगर उभे राहिले त्यांत घराघरांतल्या भाजीच्या देठांबरोबर घराघरांची झाडलेली माती आणि फोडलेले बांधकामही होते. हे माप घेणारी संस्था वर्धा रोडवर आणि मापाचा ढीग त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, असे चित्र अनेक वर्षे राहिले.

कायद्याची चाके भोपाळच्या दुर्घटनेनंतर फिरू लागली. १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि त्याखालचे १९८९ चे घातक कचऱ्याचे नियम कारखान्यांसाठी होते. घरातल्या कचऱ्याकडे लक्ष गेले ते अलमित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात केलेल्या याचिकेमुळे. न्यायालयाने नेमलेल्या असीम बर्मन समितीचा अहवाल आला आणि सप्टेंबर २००० मध्ये नागरी घनकचऱ्याचे पहिले राष्ट्रीय नियम निघाले. त्यांत म्हटले होते की खड्ड्यात फक्त न कुजणारा, निर्जीव आणि पुनर्वापर किंवा जैविक प्रक्रियेला न चालणारा कचरा जावा. अंमलबजावणीची मुदत २००३ अखेरची होती. या नियमांत एक गंमत होती. मलबा निर्जीव असल्याने तो खड्ड्यात जाण्यास पात्र ठरत होता. वेगळा गोळा करा, एवढेच त्याबाबत सांगितले होते. बाहेरच्या जगात तेव्हा वेगळे वारे वाहत होते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने १९९० पासून एकेका वस्तूला खड्ड्याची दारे बंद करत आणली: आधी शिशाच्या बॅटऱ्या आणि पालापाचोळा, २००६ मध्ये वीट, काँक्रीट, डांबर, लाकूड, पुढे जिप्समचे फलक आणि २०२२ मध्ये गाद्या व कपडे. युरोपीय संघाने १९९९ च्या निर्देशाने टायरांना बंदी केली. तिथे यादी करून बंदी घातली गेली, भारतात उरेल तेवढेच पुरा असा उलटा नियम झाला. कागदावर भारताचा नियम अधिक कडक आहे, कारण त्यात यादीबाहेरची पळवाट नाही. अडचण इतकीच की उरलेले वेगळे करणारी यंत्रणा आधी हवी, आणि नागपुरात ती नव्हती.

वस्तूनिहाय नियमांत बॅटऱ्या लवकर आल्या. २००१ च्या नियमांनी शिशाच्या जुन्या बॅटऱ्या परत घेणे विक्रेत्यांवर बंधनकारक केले. थोड्याच वर्षांत महाराष्ट्रात भारनियमन सुरू झाले आणि विदर्भात घरोघरी, दुकानोदुकानी इन्व्हर्टर बसले. नागपुरात शिशाच्या बॅटऱ्या एकदम किती वाढल्या हे यावरून समजते. इथे कायद्याला बाजाराची साथ मिळाली. शिशाला भाव असल्याने जुनी बॅटरी दिली की नवीच्या किमतीतून वजावट मिळे आणि बॅटरी कचऱ्यात जाण्याचा प्रश्नच उरत नसे. प्रश्न नंतरचा होता. बॅटरी नोंदणीकृत भट्टीत गेली की आम्ल गटारात ओतून शिसे उघड्यावर वितळवणाऱ्याकडे गेली, हे ग्राहकाला कळत नाही. २०२२ च्या नव्या नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले, तेही उत्पादकाची जबाबदारी सांगणारे. चित्रनळीच्या काचेची कहाणी तोवर बरीचशी घडून गेली होती.

ज्यांना भाव नाही अशा घरातल्या घातक वस्तूंची नावे खरे तर २०१६ च्या घनकचरा नियमांनी स्पष्ट लिहिली: रंगाचे डबे, कीटकनाशकांच्या बाटल्या, सीएफएल आणि ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधे, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया आणि सिरिंज. एका सीएफएलमध्ये पारा काही मिलिग्रॅमच असतो, पण तो काच फुटताच हवेत जातो आणि पाण्यात पोचला की माशांच्या अंगात साठतो. त्या नियमांप्रमाणे अशा वस्तू जमा करण्यासाठी दर २० चौरस किलोमीटरला एक केंद्र हवे होते. हुडकेश्वर-नरसाळा धरून नागपूरचे क्षेत्र सव्वादोनशे चौरस किलोमीटरच्या घरात आहे. म्हणजे हिशेबाने शहरात अकरा-बारा केंद्रे लागत होती. बुटीबोरीला कारखान्यांच्या घातक कचऱ्यासाठी सामाईक केंद्र आणि सुरक्षित खड्डा आहे, म्हणजे शेवटची जागा शहरापासून तीसेक किलोमीटरवर तयार आहे. धंतोलीतल्या घरातली फुटकी ट्यूब तिथपर्यंत नेणारी साखळी मात्र कधी नीट जोडली गेली नाही. घंटागाडीत ओला आणि सुका असे दोनच कप्पे लोकांना ठाऊक आहेत. ट्यूब सुक्यात जाते आणि गाडीच्या दाबयंत्रात फुटते.

सिमेंटच्या पत्र्यांची अडचण याहून वेगळी. घरांवर, गोठ्यांवर, गोदामांवर दशकानुदशके बसलेल्या या पत्र्यांत ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा अखंड असतो तोवर धोका कमी. तो फोडला, कापला की तंतू हवेत उडतात आणि फुप्फुसांत जाऊन बसतात. एका ग्राहक संस्थेच्या याचिकेवर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस उद्योगातील आरोग्य तपासणीबाबत निर्देश दिले. कारखान्यातला टाकाऊ ॲस्बेस्टॉस घातक कचऱ्याच्या यादीत आहे. घरावरून उतरवलेला पत्रा मात्र व्यवहारात साध्या मलब्यातच फोडून टाकला जातो, कारण कबाडी तो घेत नाही आणि गवंड्याला तो वेगळा काढायला कोणी सांगत नाही.

कचरा उचलण्याच्या व्यवस्थेनेही मलब्याला आणखी एक वळण दिले. २००८ पासून नागपुरात घरोघरी कचरा गोळा करण्याचे काम खासगी कंपनीकडे गेले आणि २०१९ अखेर ते शहराच्या दहा झोनची विभागणी करून दोन कंपन्यांकडे आले. मोबदला टनावर. वजनावर पैसे मिळत असले की कचऱ्यात माती-मलबा मिसळण्याचा मोह होतो, आणि तशा तक्रारी पालिकेच्या सभांमध्ये आणि वृत्तपत्रांत वारंवार आल्या. भाजीपाल्याच्या कचऱ्यापेक्षा मलबा कित्येक पट जड. त्यामुळे ज्याला बाजारात भाव नव्हता, त्याला कचरागाडीच्या वजनकाट्यावर भाव आला. हा दोष एखाद्या कंत्राटदाराच्या सचोटीपेक्षा कंत्राटाच्या रचनेत अधिक आहे, आणि टनावर मोबदला ठरवणाऱ्या दुसऱ्या शहरांतही तो दिसतो.

मार्च २०१६ मध्ये बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचे स्वतंत्र नियम आले. दिवसाला २० टनांहून किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टनांहून अधिक मलबा काढणाऱ्याने काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक आणि विटा व त्यांच्या सांध्यांचा माल असे चार भाग वेगळे करायचे. दहा लाखांवरच्या शहरांनी दीड वर्षात प्रक्रियेची सोय करायची. सरकारी आणि पालिकेच्या कामांत दहा ते वीस टक्के माल मलब्यापासून बनवलेला वापरायचा. त्याच वर्षी गिट्टी-वाळूच्या भारतीय मानकात जुन्या काँक्रीटच्या गिट्टीला जागा मिळाली: साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, सळईच्या काँक्रीटमध्ये ठरावीक दर्जापर्यंत २० टक्के. दिल्लीत बुराडीला असा कारखाना २००९ पासून चालू होता, तेव्हा तंत्र नवे नव्हते. मलबा भरडायचा, चुंबकाने लोखंड ओढून घ्यायचे, पाण्याने माती धुऊन काढायची, चाळून वाळू आणि गिट्टी वेगळी करायची आणि त्यांपासून पेव्हर ब्लॉक, कडेचे दगड तयार करायचे. नागपुरात अशी प्रक्रिया नंतरच्या काही वर्षांत भांडेवाडीतच सुरू झाली.

नागपूरला तिची गरज नेमक्या त्याच काळात सर्वाधिक होती. २०१५ पासून मेट्रोचे काम सुरू झाले होते आणि मार्च २०१९ मध्ये पहिली गाडी धावली. डांबरी रस्ते उखडून सिमेंटचे होत होते. एम्प्रेस मिल २००२ मध्ये बंद पडली आणि १८७७ पासून उभ्या असलेल्या त्या गिरणीच्या जागी मॉल आणि इमारती आल्या. महालातले वाडे एकामागून एक पडत होते. डिसेंबर २०१७ पासून पालिकेचे उपद्रव शोध पथक रस्त्यावर मलबा टाकणाऱ्यांना दंड करू लागले. माजी सैनिक असलेले हे जवान दिवसा फिरत. मलब्याची ट्रॉली बहुधा रात्री रिकामी होई. दंडाने रस्त्यावरचे ढीग कमी झाले असे म्हणता येईल, पण त्यांतला काही भाग नाल्यांकडे सरकला हेही नाकारता येणार नाही.

त्याचा हिशेब २२-२३ सप्टेंबर २०२३ च्या रात्री पुढे आला. चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीने काठच्या वस्त्यांत शिरकाव केला. अंबाझरी ले-आउट, डागा ले-आउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत पहिल्या मजल्याखालचे सगळे पाण्यात गेले. पाऊस हे मूळ कारण; पण भिंती, स्लॅब आणि भराव यांनी अरुंद झालेल्या पात्रावर नंतर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातही चर्चा झाली. पाणी ओसरले आणि घराघरांसमोर गाद्या, सोफे, फ्रिज, टीव्ही, इन्व्हर्टर, औषधांचे डबे, धान्य आणि चिखल यांचा एकच ढीग लागला. लोखंड-तांबे कबाड्यांनी लगेच उचलले. गाद्या, फुगलेले प्लायवूड आणि औषधे एकाच गाडीत भांडेवाडीला गेली. ज्या वस्तू खड्ड्यात जाऊ नयेत म्हणून वेगवेगळ्या नियमांत लिहिले आहे, त्या सगळ्या एका आठवड्यात एकत्र तिथे पोचल्या. घाईच्या वेळी कोणतेही शहर असेच करते, हेही खरे. त्याच वर्षी मे महिन्यात जुने कपडे, पुस्तके, चपला, खेळणी घेण्यासाठी शहरात पुनर्वापर केंद्रे उघडली गेली होती. त्यांचा आवाका अशा ढिगासाठी नव्हता.

भांडेवाडीतला जुना ढीग २०१९ नंतर उपसला जाऊ लागला. वर्षानुवर्षे कुजलेला कचरा चाळून माती, प्लास्टिक आणि दगड वेगळे करण्याच्या या कामात मलब्याचे तुकडे मोठ्या प्रमाणात निघतात, आणि ते सोबत असल्याने यंत्रांची झीज वाढते. ज्या वेशीबाहेर कचरा पडू लागला होता, ती वेस तोवर कधीच पुढे सरकली होती. ढिगाच्या अवतीभोवती वस्त्या उभ्या होत्या, आणि उन्हाळ्यात आग लागली की धूर त्यांच्याच घरात जात होता. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या २४ लाखांवर गेली होती, आणि आज निघणारा कचरा रोज हजार टनांच्या पुढे आहे.

बांधकाम मलब्याचे नवे नियम २ एप्रिल २०२५ रोजी अधिसूचित झाले आणि १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या अंमलाची तारीख ठरली. त्यांत पहिल्यांदाच बांधकाम करणाऱ्यावर उत्पादकासारखी जबाबदारी आली आहे: जितका मलबा निघेल, त्याचा ठरावीक हिस्सा पुन्हा वापरात आणल्याचे प्रमाणपत्र त्याने मिळवायचे. ही जबाबदारी २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम असलेल्या प्रकल्पांवर आहे. मोठ्या संकुलांपुरता त्याचा उपयोग होईल. महालातला पडका वाडा, त्रिमूर्तीनगरातली वाढवलेली खोली, गोपालनगरातले बदललेले न्हाणीघर या मर्यादेच्या फार खाली येतात. त्यांच्या मलब्यासाठी, पत्र्यांसाठी आणि रंगाच्या डब्यांसाठी पालिकेचे झोन कार्यालय आणि गल्लीच्या तोंडाशी उभा राहणारा टिप्परवाला, हे दोनच पर्याय आजही आहेत, आणि त्यांतला दुसरा लवकर येतो.